मुलाला पोहायला शिकवताना: आधी श्वास, मग हात-पाय

पोहायला शिकणाऱ्या मुलाकडे काठावरून पाहणाऱ्या पालकांचे लक्ष बहुधा त्याच्या हातापायांवर असते. हात नीट फिरतो आहे का, पाय जोरात मारतो आहे का, आज किती अंतर गेला, हेच प्रश्न घरी परतताना विचारले जातात. प्रत्यक्षात बहुतेक मुले अडतात ती श्वासापाशी. पाण्यात तोंड घालून सावकाश श्वास सोडता येणे आणि काहीही न करता पाण्यावर पडून राहता येणे, या दोन गोष्टी ज्या मुलाला साधल्या त्याला पुढचे सारे शिकवणे सोपे जाते. ज्याला त्या साधल्या नाहीत ते मूल हात-पाय मारत कसेबसे दहा-पंधरा मीटर जाते, धापा टाकत काठ पकडते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणून या लेखात श्वास आणि तरंगणे यांना अधिक जागा दिली आहे, आणि हातापायांच्या तंत्राबद्दल पालकांना काठावरून पाहून ओळखता येईल इतकेच लिहिले आहे.

पोहणे हा केवळ छंद किंवा खेळ नव्हे, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालील होती. शाळकरी वयाच्या मुलांना पोहण्याची आणि पाण्यातील सुरक्षिततेची मूलभूत कौशल्ये शिकवावीत, असे ही संघटना सांगते. विहिरी, शेततळी, नद्या, धरणे आणि लांबलचक समुद्रकिनारा लाभलेल्या आपल्या राज्यात तर पोहणे हे सायकल किंवा संगणकाच्या आधी शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विहिरीतली शिकवणी आणि तिच्यातले घेण्याजोगे

आपल्याकडची आधीची पिढी विहिरीत पोहायला शिकली. कमरेला दोर, पाठीला सुक्या भोपळ्याची सांगड, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका नाहीतर झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा, आणि काठावर किंवा पाण्यात मामा, काका, थोरला भाऊ. या पद्धतीत दोन गोष्टी फार चांगल्या होत्या. एक म्हणजे आधार हळूहळू कमी केला जाई. डबा आज मोठा, चार दिवसांनी लहान, मग नुसता दोर. दुसरी म्हणजे पोहणारा मोठा माणूस सतत हाताच्या अंतरावर असे. आजच्या तलावावर फोम आणि प्लास्टिकची साधने आली असली तरी ही दोन्ही तत्त्वे जशीच्या तशी लागू आहेत.

त्याच परंपरेतली एक गोष्ट मात्र टाकून द्यावी, ती म्हणजे मुलाला न सांगता पाण्यात ढकलणे. ‘पडल्यावर आपोआप येते’ असे म्हणणाऱ्या माणसाला ज्यांना आले ती मुले आठवतात. त्या दिवसापासून जी कायमची पाण्याला घाबरली, ती मोजणीत येतच नाहीत. भीती बसलेल्या मुलाचे अंग आखडते, मान वर ताणली जाते, श्वास छातीत अडकतो, आणि आखडलेल्या अंगाने तरंगणे जमत नाही. एका ढकलण्याने जे बिघडते ते दुरुस्त करायला कधी कधी अख्खा मोसम जातो.

वय, तलाव आणि साहित्य

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते वर्षभराच्या पुढच्या मुलांनाही पाण्याची ओळख करून देण्याचा फायदा होऊ शकतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुले रीतसर शिकवणीसाठी तयार होतात. आपल्याकडच्या तलावांचे पाणी बहुधा गरम केलेले नसते आणि उथळ बाजूची खोलीही लहान मुलाच्या गळ्यापर्यंत येते. अनेक ठिकाणी तर उंचीची अट असते. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या आसपास शिकवणी लावणे व्यवहार्य ठरते. त्याआधी शिकवणीचा आग्रह नको, मात्र पाण्याशी खेळ जरूर असावा.

तलाव निवडताना इमारतीचा दिमाख पाहू नये, पाणी पाहावे. सर्वांत खोल जागेच्या तळावरील फरशीच्या रेषा काठावरून स्पष्ट दिसत नसतील तर त्या दिवशी मुलाला पाण्यात उतरवू नये, कारण तळाशी गेलेले मूलही त्या पाण्यात दिसणार नाही. तलावाच्या पाण्याचा सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा ‘पीएच’ आकडा) ७.२ ते ७.८ दरम्यान असावा आणि मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण लिटरला किमान एक मिलिग्रॅम असावे. चांगल्या तलावांवर हे आकडे रोज फलकावर लिहिलेले असतात आणि नसल्यास विचारण्यात संकोच करू नये. नाकाला झोंबणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, हा समज बरोबर नाही. क्लोरीनचा घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन जी संयुगे तयार होतात त्यांचा तो वास असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करण्याचा नियम त्यासाठीच आहे आणि आपल्या मुलाकडून तो पाळून घेणे हे आपले काम आहे.

जीवरक्षक आणि शिकवणारा ही दोन वेगळी माणसे आहेत का, हेही पाहावे. दहा मुलांना शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष अकराव्याकडे राहू शकत नाही. नवशिक्यांच्या गटात एका शिक्षकाकडे सहाहून अधिक मुले नसावीत, असे मला वाटते. एप्रिल-मे महिन्यांतल्या बॅचमध्ये हे प्रमाण पाळले जाणे कठीण असते. शक्य असेल तर शाळा सुरू होऊन गर्दी ओसरल्यानंतरची किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधली बॅच घ्यावी. पाऊण तासाच्या बॅचमध्ये मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवण्याची मिनिटे किती येतात, हे एक दिवस काठावर बसून पाहिले की निवड सोपी होते.

साहित्य थोडेच लागते. गॉगल घेताना पट्टा न लावता तो डोळ्यांवर अलगद दाबून पाहावा. क्षणभर आपोआप चिकटून राहिला तर माप बरोबर. पोशाख नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, अंगाबरोबरचा असावा. सुती बर्म्युडा पाणी शोषून जड होतो आणि पाय खाली ओढतो. रंगाचा विचार क्वचितच कोणी करते, पण तो महत्त्वाचा आहे: निळा, आकाशी, पांढरा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो, तर भडक केशरी किंवा गुलाबी चटकन नजरेत भरतो. केस लांब असल्यास टोपी सक्तीचीच समजावी, कारण तळाच्या जाळीत केस अडकण्याचा धोका खरा आहे. दंडाला बांधायचे हवेचे फुगे मात्र घेऊ नयेत. ते मुलाला पाण्यात उभे धरून ठेवतात, म्हणजे पोहण्याच्या नेमकी उलटी सवय लावतात, आणि मुलाला स्वतःच्या अंगात नसलेल्या क्षमतेचा भरवसा देतात. त्यापेक्षा हातात धरायचा किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फोमची फळी, बरा, कारण तो सोडता येतो.

घरच्या टबातला पहिला धडा

तलावावर जाण्याच्या पंधरा दिवस आधीपासून घरी सुरुवात करता येते. मोठ्या टबात किंवा पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्यावे आणि मुलाला ओठ पाण्यात बुडवून फुंकर घालायला लावावी. बुडबुडे येऊ लागले की नाकही पाण्यात घालायचे. इथे बहुतेक मुले बिचकतात, कारण नाकात पाणी गेल्याची झिणझिणी त्यांना आठवते. यावर साधा उपाय म्हणजे गुणगुणणे. ओठ मिटून ‘म्ऽऽऽ’ असा आवाज काढत राहिले की हवा नाकावाटे बाहेर पडत राहते, आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरू शकत नाही. मुलाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आवडते गाणे पाण्यात तोंड घालून गुणगुणायला सांगितले की चार दिवसांत त्याचे त्यालाच उमगते.

डोक्यावरून तांब्याने पाणी ओतणे हाही चांगला सराव आहे, पण ओतण्याआधी ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि मुलाने चेहऱ्यावरचे पाणी पुसू नये अशी गंमत म्हणून अट घालावी. तोंडावर पाणी ओघळत असतानाही डोळे उघडता येतात आणि श्वास घेता येतो हे ज्या मुलाला स्नानघरात कळले, ते तलावात उतरल्यावर दर वेळी दोन्ही हातांनी तोंड पुसत बसत नाही. हा सराव करताना टबापाशी मोठ्या माणसाने बसून राहावे, आणि सराव संपताच टब व बादल्या पालथ्या कराव्यात. घरातले लहान भावंड बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

तलावातले पहिले दिवस: तरंगणे आणि उभे राहणे

पहिल्या दिवशी मुलाने पोहावे अशी अपेक्षाच ठेवू नये. पायऱ्यांवर बसणे, छातीइतक्या पाण्यात चालणे, काठाची कड धरून डोके बुडवणे आणि गुणगुणत वर येणे, एवढ्यात बॅच संपली तरी ती फुकट गेली असे नव्हे. कमरेइतक्या पाण्यात तळाशी प्लास्टिकची कडी टाकून ती उचलायला लावावी. मूल खाली वाकते, हात पोहोचत नाही, पाणी त्याला वर लोटते, ते पुन्हा प्रयत्न करते. आणि या झटापटीत पाणी आपल्याला खाली ओढत नसून वर उचलते आहे, ही पोहण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या अंगाला कळते.

तरंगणे पाठीवरून शिकवावे की पोटावरून, याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. मी पाठीवरच्या तरंगण्याला आधी स्थान देतो, कारण संकटात तेच जीव वाचवते: तोंड वर, श्वास मोकळा. मुलाच्या मागे उभे राहून एक तळवा डोक्याखाली आणि दुसरा खांद्यांच्या मधोमध ठेवावा, मुलाला छताकडे किंवा आकाशाकडे पाहायला सांगावे आणि पोट वर उचलायला लावावे. कान पाण्याखाली जाऊ द्यावेत. कानात पाणी गेले की मूल डोके उचलते आणि डोके उचलले की पाय बुडतात, हे चक्र पहिल्या दिवसांत हमखास दिसते. कारण साधे आहे. हवेने भरलेली फुप्फुसे छातीत आहेत, त्यामुळे छाती तरंगते आणि पाय त्यामानाने जड पडतात. डोके पाण्यात राहिले तर अंगाचा तोल आडवा राहतो, डोके बाहेर काढले तर त्याचे वजन पायांना खाली ढकलते. पुढे फ्रीस्टाइल, म्हणजे पोटावर राहून आळीपाळीने हात मारत पोहणे, शिकतानाही ‘पाय बुडतात’ ही तक्रार येते तेव्हा दोष बहुधा पायांत नसून मानेत असतो.

आधार काढताना तळव्याऐवजी चार बोटे, मग दोन, मग एक, असे करत जावे आणि प्रत्येक वेळी मुलाला सांगून करावे. ‘बाबा, सोडू नका हं’ असे मूल म्हणते तेव्हा ‘नाही सोडत’ असे म्हणून हात काढून घेणारे पालक पुष्कळ दिसतात. हेतू चांगला असला तरी त्या एका फसवणुकीने मुलाचा पाण्यावरचा आणि पालकांवरचा विश्वास एकदमच जातो. त्याऐवजी ‘आता तीन म्हणेपर्यंत सोडतो आणि लगेच धरतो’ असे सांगावे आणि तीनला खरोखर धरावे. मग पाचपर्यंत, मग दहापर्यंत मोजायला मूल स्वतःच सांगते.

ज्या दिवशी तरंगणे शिकवले त्याच दिवशी पुन्हा उभे राहणेही शिकवले पाहिजे. हा भाग अनेक शिबिरांत राहून जातो आणि मुले घाबरतात ती नेमकी इथे: तरंगता येते, पण पाय खाली कसे टेकवायचे ते कळत नाही. पोटावर तरंगताना गुडघे छातीकडे ओढायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे, डोके वर आणायचे आणि मग पाय सोडायचे. पाठीवर असताना हनुवटी छातीकडे आणून गुडघे ओढायचे आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचे. हे उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घ्यावे. आपण हवे तेव्हा थांबू शकतो हे कळले की मूल पुढे जायला बिचकत नाही.

श्वास

तरंगणाऱ्या मुलाला भिंतीला पाय लावून पुढे सरकायला शिकवतात. हात डोक्यापुढे ताणलेले, दंड कानांना चिकटलेले, नजर सरळ खाली. पाच आकड्यांपर्यंत असे सरकत जाता आले की त्याला पाय मारण्याची जोड द्यावी आणि त्यानंतर श्वास.

नवशिके मूल पाण्यात तोंड घालते तेव्हा छाती भरून हवा कोंडून धरते. तोंड बाहेर येताच त्याला आधी ती हवा सोडावी लागते आणि मग नवी घ्यावी लागते, आणि या दोन्ही कामांना मिळून त्याच्याकडे जेमतेम एक क्षण असतो. साहजिकच निम्मीच हवा बदलते. दोन-तीन वेळा असे झाले की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होण्याचे मुख्य कारण तोच असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मूल दमले. खरे तर त्याने श्वास सोडलेलाच नसतो. म्हणून पाण्यात असताना नाका-तोंडातून सतत, बारीक बुडबुडे येत आहेत का, एवढे एकच जरी पालकांनी काठावरून पाहिले तरी त्यांना मुलाची प्रगती नेमकी कळेल.

सराव असा करावा. मुलाने छातीइतक्या पाण्यात उभे राहून एका हाताने काठ धरावा, दुसरा हात मांडीला लावावा आणि पुढे वाकून चेहरा पाण्यात घालावा. मनात तीन मोजेपर्यंत बुडबुडे सोडावेत. मग डोके न उचलता ते कडेला वळवावे, म्हणजे काठ धरलेल्या हाताच्या दंडावर एक कान टेकलेला राहील, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर असेल, आणि तोंडाचा कोपरा पाण्याच्या पातळीशी येईल. तिथे तोंडाने चटकन श्वास घ्यावा आणि चेहरा पुन्हा खाली न्यावा. दोन्ही काचा बाहेर दिसल्या तर मूल मान वळवत नसून उचलते आहे असे समजावे. हा प्रकार कंटाळवाणा वाटतो आणि शिकवणारेही तो लवकर आटोपता घेतात, परंतु रोज पाच मिनिटे याला दिली तर पुढे फ्रीस्टाइलमध्ये मान वर काढून पोहण्याची जी खोड लागते ती लागतच नाही. दोन्ही बाजूंनी सराव करून घ्यावा. एका बाजूने श्वास घेणारे मूल पुढे वाकडे पोहू लागते.

इथेच एक सक्त सूचना. पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ श्वास कोण रोखतो, अशा पैजा मुलांना लावू देऊ नयेत. भराभरा दीर्घ श्वास घेऊन बुडी मारली की कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो, त्यामुळे श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडून शुद्ध हरपते. चांगले पोहणारे किशोरही उथळ पाण्यात या प्रकाराने दगावतात, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता.

पाय, हात आणि पोहण्याचे प्रकार

पाय गुडघ्यातून नव्हे, खुब्यातून हलले पाहिजेत आणि घोटा सैल असला पाहिजे. मूल जोरजोरात पाय मारते, पाणी भरपूर उडते आणि ते जागच्या जागी राहते, असे दिसले तर घोटे पाहावेत. पाऊल जमिनीवर चालताना असते तसे काटकोनात असेल तर ते पाणी मागे ढकलतच नाही. काठावर बसून पाय ताणून मारण्याचा सराव आणि किकबोर्ड धरून मारण्याचा सराव, दोन्ही द्यावेत. किकबोर्डवर मात्र मान वर राहते, म्हणून मधूनमधून तो काढून घ्यावा.

हातांबद्दल पालकांनी फारसे बोलू नये. हात डोक्यापुढे खांद्याच्या रेषेत पडतो आहे आणि मांडीपर्यंत मागे जातो आहे, इतके दिसले की पुरे. आधी फ्रीस्टाइल की ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हात-पाय मारत पोहणे), हा वादही पालकांनी शिक्षकांवर सोडावा. फ्रीस्टाइलचे पाय सोपे आणि श्वास अवघड, ब्रेस्टस्ट्रोकचा श्वास सोपा आणि पाय अवघड, एवढाच हिशेब आहे. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाठीवरच्या तरंगण्यातून आपोआप होते. बटरफ्लायची घाई कशालाही नाही.

या चार प्रकारांहून मी महत्त्वाचे मानतो ते पाण्यात उभे पोहणे. खोल पाण्यात जागच्या जागी तोंड बाहेर ठेवून दोन मिनिटे राहता येणे, मग पाठीवर वळून विसावा घेणे आणि काठापर्यंत कोणत्याही प्रकाराने पोहून येणे, हे ज्याला येते त्याला पोहता येते असे म्हणावे. पंचवीस मीटर झपाट्याने जाणारे पण मध्येच थांबता न येणारे मूल अजून शिकायचे आहे.

प्रकृतीची काळजी

भरपेट जेवून पोहू नये आणि रिकाम्या पोटीही नको; तासभर आधी एखादे केळे आणि पोहून झाल्यावर शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू चालतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेते आणि लहान मुले लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले, दात वाजू लागले की बॅच संपायची वाट न पाहता बाहेर काढावे. कानात पाणी राहिल्यास डोके कडेला झुकवून ते निथळू द्यावे आणि बाहेरून टॉवेलने टिपावे. कापसाची काडी आत घालू नये. कानाच्या पडद्याला भोक असेल, दमा असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन शिक्षकांना स्पष्ट सांगावे. फिटचा त्रास असणाऱ्या मुलासाठी केवळ त्याच्याकडे पाहणारा एक माणूस पाण्यात असलाच पाहिजे. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात नेऊ नये. काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस टिकतात.

शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांना पाण्यापासून दूर ठेवण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे, ती सोडायला हवी. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर ते उपचार म्हणून पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पदकाचे राहू द्या. ज्या मुलाला जमिनीवर प्रत्येक हालचालीसाठी आधार लागतो त्याला पाण्यात स्वतःच्या बळावर हलता येते, एवढे कारण पुरेसे आहे.

पोहता आल्यानंतर

पंचवीस मीटर न थांबता जाता आले की बहुतेक घरांत शिकवणी थांबते, आणि नेमके तेव्हाच थांबू नये. या टप्प्यावरचे कौशल्य कच्चे असते आणि वर्षभर पाण्याशी संबंध आला नाही तर पुष्कळसे विरते. आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्षभर, हे मे महिन्यातल्या रोजच्या शिबिरापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

सुधारणा मोजण्याचे साधन घड्याळ नसावे, हातांची मोजणी असावी. मूल पंचवीस मीटरमध्ये किती हात मारते ते मोजावे. तीस हात मारणारे मूल महिन्याभरात सव्वीस हातांत तेच अंतर जाऊ लागले तर त्याचे अंग पाण्यात अधिक सरळ राहू लागले आणि हात अधिक पाणी धरू लागला. लांब अंतर सलग पोहायला लावण्याऐवजी पंचवीस मीटरच्या सहा-आठ फेऱ्या, प्रत्येकीनंतर श्वास पूर्ववत होईपर्यंत विसावा, असे केले तर प्रत्येक फेरी नीट होते. दमून केलेल्या फेऱ्यांत चुकांचाच सराव होतो. मुठी बंद ठेवून एक फेरी आणि लगेच तळवे उघडून एक फेरी पोहायला दिली की पाणी हाताला कसे लागते ते मुलाला स्वतःच जाणवते. एका कुशीवर राहून नुसते पाय मारत जाणे हा श्वासासाठी आणि तोलासाठी उत्तम सराव आहे.

काठावरून सूचना ओरडू नयेत. पाण्यातल्या मुलाला त्या ऐकू येत नाहीत. ते फक्त आपला चेहरा पाहते आणि त्या चेहऱ्यावरची नाराजी त्याला स्वच्छ दिसते. शिक्षक एक सांगत असताना आपण दुसरे सांगणे तर टाळावेच. घरी जाताना ‘किती फेऱ्या मारल्यास?’ याऐवजी ‘आज कोणती गोष्ट सोपी वाटली?’ असे विचारावे. मूल काही दिवस मागे गेल्यासारखे वाटले तर त्याला एक पायरी खाली आणून आधी जमत असलेले करू द्यावे, चार दिवसांत ते पुन्हा वर येते.

मुलाला शर्यतीची ओढ असेल तर शालेय स्पर्धा आहेतच. त्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा १९८६मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर २४ वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक मिळाले होते. हे उदाहरण स्फूर्तीसाठी सांगावे, पण त्यामागची पहाटेची वर्षानुवर्षांची मेहनत मुलाने स्वतः मागितलेली असावी. खांदा दुखतो असे मूल सांगू लागले की अंतर कमी करावे, दुखणे अंगावर काढू देऊ नये.

तलावाबाहेरचे पाणी

तलावात पोहणारे मूल विहिरीत, नदीत किंवा समुद्रात आपोआप पोहू शकत नाही, हे त्याला आणि घरातल्या सर्वांना स्पष्ट सांगून ठेवावे. विहिरीला धरायला कड नसते, पाणी वरून कोमट आणि आत गार असते, शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या असतात. पावसाळ्यात नदीच्या पाण्याची ओढ वरून दिसत नाही. अस्तरित शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर चढता येत नाही. समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी तरंगत राहून हात वर करावा, आणि पोहायचेच झाल्यास किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडावे.

बुडणारे माणूस ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात आणि हाक मारायला श्वास उरलेला नसतो. अशा वेळी मित्राला वाचवायला पाण्यात उडी मारायची नाही, हे मुलांकडून पाठ करून घ्यावे. काठी, ओढणी, दोर पुढे करायचा. झाकण लावलेला रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगते ते फेकायचे. आणि आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचे.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे, त्याला उलटे टांगणे किंवा गरगर फिरवणे, हे प्रकार आजही गावोगाव होतात आणि त्यांत मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालू नसेल तर त्याला कठीण जागी उताणे झोपवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास असे चक्र मदत येईपर्यंत थांबू न देता चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. हे पुतळ्यावर करून शिकवणारी एक-दोन तासांची प्रशिक्षणे अनेक रुग्णालये आणि प्रथमोपचार संस्था घेतात. मुलाचे नाव तलावावर नोंदवाल त्याच आठवड्यात घरातल्या एका मोठ्या माणसाने ते करून यावे.